सोमारीनं शिंपलेलं दव

सोमारी नरोटेनं उभ्या जन्मात चप्पल घातली ती फक्त बाजाराला, नाहीतर गाडीपर्यंत जाताना, आणि तीसुद्धा गावाची शीव ओलांडल्यावर. जंगलात चप्पल घालून जाणाऱ्या माणसाला ती बहिरा म्हणायची. हसा, खुशाल हसा. पण थंडी सरता सरता, झुंजुमुंजू होताना मोहाखालच्या पाल्यावर अनवाणी फिरून आज इथं आग लावायची की नाही, हे छातीठोकपणे सांगणारी तिच्यासारखी बाई एटापल्लीच्या अलीकडे-पलीकडे दुसरी नव्हती. चाळीस घरांच्या येरमटोल्यात निम्म्या बाया तिला विचारून काडी ओढायच्या.

मोह कसा वेचतात हे ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला हे आगीचं प्रकरण चमत्कारिक वाटेल. अहो, मोहाचं फूल वरून टपटप पडतं ते पहाटे, आणि पडतं ते पाल्यात. साग, ऐन, तेंदू, सगळ्यांचा पाला एकमेकांत मिसळून ढोपरभर साचलेला. त्यात बोटाच्या पेराएवढं पांढुरकं फूल शोधायचं म्हणजे डोळे फुटायची पाळी. म्हणून फुलं गळायच्या आधी झाडाखालची जागा झाडायची, पाल्याचं कडं करायचं आणि ते पेटवून द्यायचं. मागं उरते ती काळी स्वच्छ भुई. काळ्या भुईवर फूल लांबून दिसतं, पोरंसोरंही वेचतात.

आणि आग पसरत नाही काय? नाही पसरत. निदान पसरत नव्हती. कारण होतं दव. त्या दिवसांत पहाटे इतकं दव पडायचं की पाला हातात घेतला तर पानांच्या टोकांवरून पाणी गळायचं. झाडाखालचा झाडून वर काढलेला पाला कसाबसा धुपत धुपत जळायचा, आणि कड्याबाहेरच्या ओल्या पाल्याला लागला की आपोआप विझायचा. सोमारीला हे शिकवलं तिच्या सासूनं, बुधरीनं. बुधरी म्हणायची, "आधी सात पावलं चाल. पाला गप असला तर लाव काडी. बोलला तर घरी ये, भाकर कर, उद्या जाय." एवढंच. सोमारीनं ते चाळीस वर्षं पाळलं. एकदा म्हणून तिची आग कड्याबाहेर गेली नाही.

आता दुसरी गोष्ट. येरमटोल्यात लेकीला लग्नात मोहाचं झाड देतात. भांडी देतात, लुगडं देतात, ते सगळे देतात. इथं झाड देतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भूमिया, म्हणजे गावचा पूजेचा मान असलेला माणूस, नवरीला झाडाजवळ नेतो, बुंध्याशी तांदूळ ठेवतो, आणि त्या दिवसापासून त्या झाडाची फुलं लेकीची. ती कुठंही नांदो, हंगामाला यायचं, आपल्या झाडाखाली वेचायचं, वाळवायचं, घेऊन जायचं. कुणी तिला काय आलीस म्हणून विचारत नाही. झाड असलेली लेक माहेरी पाहुणी नसते. तिच्यासाठी कोंबडं कापत नाहीत, तिला बाजेवर बसवत नाहीत. ती आली की हातात झाडू घेते. पण झाड पडलं की हक्क सरला. दुसरं झाड मिळत नाही, कारण जंगलातलं प्रत्येक झाड कुणा ना कुणाचं आधीच झालेलं असतं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडल्याचं कुणाला आठवत नाही.

सोमारीला एकच लेक, रीना. दिली चामोर्शीच्या पुढे, धानवाल्या गावात, एका भल्या माणसाला. तिला मिळालं ढोलीवालं झाड, खुद्द बुधरीचं. बुंध्याला एवढी मोठी ढोली की लहानपणी रीना तिच्यात बसून आईला हाका मारायची आणि आईनं सापडत नाही असं सोंग करायचं. नवरा गेल्यावर सोमारीच्या घरात माणूस असं उरलं नव्हतं. वर्षभर ती आणि एक शेळी. आणि खुंटीला टांगलेली रीनाची टोपली. मोठी, बांबूची, सोमारीच्या नवऱ्यानं लेकीसाठी विणलेली. ती टोपली सासरी न्यायची नाही, इथंच ठेवायची, असं त्या दोघींचं ठरलेलं. सोमारी दर महिन्याला ती खाली काढायची, झटकायची, उन्हात ठेवायची आणि परत टांगायची. महिना मोजायची ती हीच पद्धत.

रीना यायची होळीनंतर, आणि राहायची वीस-पंचवीस दिवस. पुढं झाड आटलं. एका वर्षी अवकाळी पावसात सगळी फुलं काळी पडली, रीना दहा दिवसांत परतली. पुढच्या वर्षी फुलं पौषातच गळायला लागली, कुणाच्या ध्यानीमनी नाही, कळेपर्यंत अर्धी वाळवीनं खाल्ली. त्याच्या पुढच्या वर्षी ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "माय, तिकडे काही पडतच नाई म्हणते लोक, तं उगाच येऊन काय करू? इथी हरभरा आहे." तिचंही खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर सोमारी शेळीजवळ जाऊन बसली आणि शेळीला म्हणाली, "आली नाई बघ." असं एक माणूस शेळीला सांगतं, यावरून काय ते समजा.

यंदा मात्र कळ्यांनी फांद्या वाकल्या. बुधरीच्या काळानंतर असा बहर नव्हता. सोमारीनं शेजारच्या पोरीकडून फोन लावून घेतला आणि भांडण्याच्या सुरात ओरडली, "ये तू! झाड भरलं आहे. तुले दिसत नाई तं मी सांगतो ना!"

रीना हसली. "येतो माय. पुढच्या गुरुवारी येतो. एक महिना राह्यतो, पाय."

एक महिना! सोमारीनं टोपली खाली काढली, नवीन दोरी लावली, आणि पुन्हा टांगली. मग पुन्हा काढली. तिचा पाय जमिनीवर ठरेना.

ठरेना खरा, पण नेमकं तिथंच घोडं अडलं. होळीला अजून अठरा दिवस होते आणि उन्हाचा तडाखा वैशाखासारखा. सोमारी पहाटे झाडाखाली गेली, सात पावलं चालली. पाला करकर वाजला. दुसऱ्या दिवशी गेली. वाजला. तिसऱ्या दिवशी गुडघे टेकून तिनं पाल्यात हात खुपसला, खालची पानं तरी ओली असतील म्हणून. तीही कोरडी. दव म्हणून नव्हतं. आभाळ तेच, झाड तेच, पहाटेची वेळ तीच, आणि दव नाही. तुम्हाला-आम्हाला त्यानं काय होतं? सकाळी उठून आपण दव पडलं का म्हणून कधी बघतो? पण सोमारीच्या तर पायाखालची भुईच कुणी दुसरी आणून टाकली होती. ती भुई तिच्याशी बोलेना. नऊ पहाटे ती गेली आणि नऊ पहाटे घरी येऊन भाकरी केली.

ती झाडूभाऊकडं गेली. झाडू पुंगाटी म्हणजे गावचा भूमिया, सत्तरीचा, दातांचा पत्ता नाही. तो म्हणाला, "मले काय विचारते? यंदा मी बी सावरीचं फूल पाह्यलं. पुसात फुललं आणि पुसातच सरलं. आता मी पंडुम कवा सांगू? कोनत्या तोंडानं सांगू?" पंडुम म्हणजे नव्या फुलाची पूजा, ती झाल्याबिगर कुणी मोह तोंडात घालत नाही. सावरीच्या फुलावरून गावाला सण सांगणारा माणूस स्वतःच तिथीला मुकलेला. सोमारी त्याच्याजवळ थोडा वेळ बसली आणि उठून आली.

आणि त्याच संध्याकाळी, पहाटेची वाट न बघता, ढोलीवाल्याखाली पहिलं फूल पडलं. लागलीच दुसरं. सोमवार होता. गुरुवारी रीना येणार, आणि तिच्या झाडाखाली ढोपरभर पाला. येऊन काय करेल ती? पाला चिवडेल, पाठ मोडेल, दोन दिवसांत कंटाळेल आणि म्हणेल, माय, जातो, हरभरा आहे. एका संस्थेच्या लोकांनी फुलं झेलायला झाडाखाली बांधायच्या हिरव्या जाळ्या वाटल्या होत्या, पण चाळीस घरांत सहा, आणि सोमारीचं नाव सातवं होतं. सगळा पाला झाडून दूर नेऊन टाकायचं म्हटलं तरी एकटीनं, या गुडघ्यांनी, तीन दिवसांत ते व्हायचं नव्हतं. नुसता कडेला लोटला तर वाऱ्यानं उद्या पुन्हा तिथंच. जाळल्याशिवाय गत नव्हती.

मंगळवारी पहाटे तिला ती गोष्ट सुचली. आणि सुचली तेव्हा ती स्वतःच्याच हुशारीवर इतकी खूश झाली की बोअरवेलवर एकटीच हसली. दव पडत नाही ना? मग आपण पाडू. तिनं दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरले, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि अर्धा कोस चालत झाडापाशी गेली. झाडाखालचा पाला ओढून ओढून कडं केलं. मग ओंजळीनं कड्याच्या बाहेर गोल पाणी शिंपलं. हळूहळू, हात उंच धरून, बारीक थेंब पडतील असं, जसं खरंच वरून आलं असावं. दोन्ही गुंड रिकामे झाले. मग ती सात पावलं चालली.

पाला गप होता.

तिनं काडी ओढली.

सुरुवातीला सगळं बुधरीच्या वेळेसारखंच झालं. पांढरा धूर, धुपता पाला, काळी होत जाणारी भुई. सोमारी उकिडवी बसून बघत राहिली. मनात लेकीशी बोलतसुद्धा होती: बघ, कशी जागा केली तुझ्यासाठी. पण दवानं रात्रभर भिजलेला पाला वेगळा आणि ओंजळभर पाण्यानं तोंड पुसलेला पाला वेगळा. वरचं पान ओलं, खालची थप्पी कोरडी ठणठणीत. आग खालून गेली. आणि वारा, जो दहा-अकराच्या आत कधी उठत नसे, तो सूर्य हातभर वर यायच्या आत उठला. सोमारीला दिसलं तेव्हा कड्यापलीकडं चार हातांवर पाला पेटला होता. ती धावली, पदरानं झोडपलं, गुंड उचलला तर रिकामा. मग बांबूच्या बेटात आग शिरली आणि कांड्या फुटायला लागल्या. तो आवाज ऐकून गाव धावत आलं.

ऐनाच्या ओल्या फांद्या तोडून माणसांनी दुपारपर्यंत आग झोडपली. नाल्यापाशी ती एकदाची थांबली. माणूस कुणी दगावला नाही, गुरंही वाचली. पण बांबूचं बेट गेलं, तेंदूची कोवळी झुडपं गेली, रानकोंबडीची अंडी गेली, किती जीव गेले ते कोण मोजणार. सगळी माणसं काळी होऊन नाल्यात बसली.

वनरक्षक आला, सुनिल नावाचा, चामोर्शीकडचाच पोरगा, स्वभावानं गरीब. पाठीवर पाला उडवायचं यंत्र, घामानं निथळलेला. त्यानं विचारलं, "आग कोनं लावली?"

"रस्त्यानं जानाऱ्यानं बिडी फेकली असंल," झाडूभाऊ म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या जंगलातून रस्ता जात नाही हे सुनिललाही ठाऊक होतं. तो आत जाऊन फिरून आला. आला तो हातात दोन गुंड घेऊन. ते कुणाचे, हे त्यानं कुणासमोर विचारलं नाही. संध्याकाळी सोमारीच्या दारात आणून ठेवले आणि म्हणाला, "बाई, तुमचे गुंड जंगलात राह्यले होते."

सोमारीनं खाली बघूनच विचारलं, "सुनिलभाऊ, दव काऊन पडत नाई?"

त्याला वाटलं ती भलतंच काही विचारते आहे. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि जमेल तसं सांगितलं, की साऱ्या दुनियेतच ताप वाढून राह्यला आहे, गाड्या, कारखाने, कोळसा जाळणं, त्यानं हवा तापली, म्हणून थंडी टिकत नाही, म्हणून दव नाही. "मान्साच्यानंच होऊन राह्यलं बाई, सगळं मान्साच्यानंच." नेमकं त्याच्या गाडीवरही तसंच एक चित्र चिकटवलेलं होतं: जळतं जंगल आणि खाली मोठ्या अक्षरांत, वणव्याला माणूसच जबाबदार. सोमारीला वाचता येत नव्हतं, पण त्या चित्रात काडी धरलेला हात तिला ओळखू आला. हात बाईचा होता, बांगड्यांचा.

कोणता माणूस, हे कुणी सांगत नाही बघा! सोमारीच्या घरात एक दिवा आहे, तोही निम्मा वेळ गेलेला. एसटीत ती उभ्या आयुष्यात बारा-तेरा वेळा बसली असेल. ज्यांनी दव पळवलं त्यांच्या दारात कुणी गुंड आणून ठेवले नाहीत. पण हे सगळं आपण म्हणायचं. सोमारी तसं म्हणत नव्हती. ती एवढंच म्हणत होती, की काडी माझी होती.

आग विझली असं सगळ्यांना वाटलं, ते बुधवारी सकाळपर्यंत. मग ढोलीवाल्याच्या ढोलीतून धूर दिसला. आग आत शिरली होती. बाहेरून झाड धडधाकट, वर कळ्यांचे घोसच्या घोस, आणि पोटात निखारा. सोमारीनं बोअरवेलपासून पाणी वाहायला सुरुवात केली. ज्या दोन गुंडांनी घात केला तेच दोन गुंड. ढोलीत पाणी ओतलं की फुस्स करून वाफ यायची, जरा वेळ शांत, की पुन्हा वरच्या भोकातून धूर. झाडूभाऊनं माती कोंबून पाहिली. सुनिलनं यंत्र सोडून बादल्या वाहिल्या. बायांनी रांग केली. दिवसभरात किती खेपा झाल्या देव जाणे. सोमारीच्या टाळूवर फोड आले तरी ती थांबेना. शेवटी झाडूभाऊनं तिच्या डोक्यावरचा गुंड काढून घेतला. "सोमारी, पुरे. आतून सरलं ते."

"नाई सरलं," ती म्हणाली. "वर पाय. कळ्या हायेत."

गुरुवारी सकाळी, आठच्या सुमाराला, झाड पडलं. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता. बुंध्याशी कडाड झालं आणि ते अंगावरच्या सगळ्या बहरासकट, सोमारीनं काळ्या केलेल्या त्याच स्वच्छ भुईवर आडवं झालं. सोमारी रडली नाही. ती घरी गेली, चूल पेटवली, शेजारणीकडून एक कोंबडं उसनं आणलं आणि ते कापायला बसली.

दुपारच्या गाडीनं रीना आली. रस्त्यातच तिला कुणीतरी सांगितलं असणार, कारण ती आली ती मुकाट्यानं. सोमारीनं दारात तिचे पाय धुतले. बाजेवर चादर घातली. "बस," म्हणाली. कोंबड्याचा रस्सा वाढला. पाटावर बसवून, पंख्यानं माश्या वारत, "अजून घे, अजून घे," करत.

रीनाचा घास तोंडातच राहिला. "माय," ती म्हणाली, "मले पाहुणी नोको करू."

सोमारीचा पंखा थांबला नाही. "खाऊन घे," ती म्हणाली. "थंड होते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना रीनानं खुंटीवरची टोपली काढली आणि झाडाकडं निघाली. सोमारी मागोमाग गेली. आणि तिथं जे होतं ते बघून दोघी थबकल्या. पडलेल्या झाडावर कळ्या उमलल्या होत्या. रात्रीतून, जणू काही झालंच नाही अशा. फुलं गळत होती, पण त्यांना पडायला उंचीच नव्हती. फांदीवरून सुटायची आणि हातभर खाली काळ्या भुईवर टेकायची. झाड मेलं आहे ही गोष्ट झाडाला अजून कळायची होती. तोच गोड, उग्र वास. रीना खाली बसली आणि वेचायला लागली. सोमारीही बसली. दोघींनी तासभर एकमेकींकडं न बघता वेचलं. टोपलीचा तळ जेमतेम झाकला.

मग रीना उठली, चपला काढून ठेवल्या, आणि जिथं आग पोचली नव्हती त्या बाजूच्या पाल्यावर गेली. सात पावलं चालली. पाला करकर वाजला. ती तिथंच उभी राहिली. सुनिलनं विचारलं होतं, आग कोणी लावली; गावानं तेवढंही विचारलं नव्हतं. काडी ओढण्याआधी काय झालं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं, आणि ते विचारणारं रीनाशिवाय कुणी उरलंही नव्हतं.

"माय," रीना म्हणाली, "त्या दिवशी पाला गप होता?"

सोमारीला हो म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं. तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली.

"गप होता," ती म्हणाली. "मी गप केला होता. पानी शिंपून."

"काऊन?"

"नऊ दिवस थांबलो मी. तू येनार होतीस."

रीना आईजवळ येऊन बसली. तिनं आईच्या टाळूवरचे फोड पाहिले, त्यावर हात ठेवला, आणि मग मात्र सोमारीचा बांध फुटला. सासूसाठी, झाडासाठी, त्या दोन गुंडांसाठी, चाळीस वर्षं खऱ्या ठरलेल्या आणि एका सकाळी खोट्या पडलेल्या आपल्या तळपायांसाठी ती रडली. लेक तिला म्हणाली की आमच्याकडंही दोन वर्षं दव नाही, धानाच्या बांधावरून चालताना लुगड्याचा काठ भिजत नाही, आम्ही कुणी आता तसली परीक्षा पाहतसुद्धा नाही. ती समजूत घालायला म्हणाली. पण सोमारीला त्यातून एवढंच कळलं की हे फक्त तिच्या झाडाखाली नाही, जिथवर लेक जाऊ शकते तिथवर हेच आहे.

रविवारी रीना निघाली. महिना राहणार होती ती तीन दिवस राहिली. फुलं वाळून दोन ओंजळी भरली, ती तिनं आईच्या मडक्यात ठेवली. पिशवी घेतली, शेळीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग आत गेली. बाहेर आली तेव्हा टोपली तिच्या हातात होती.

"हे घेऊन जातो, माय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोमारीनं ती टोपली हिसकावून तरी घेतली असती. "तिकडे धान ठेवाले होईल. इथी आता काय करंल ते?"

"हो," सोमारी म्हणाली. "तिकडे कामी येईल."

तिनं लेकीच्या ओटीत तांदूळ घातले, पाहुणीच्या घालतात तसे. गाडीपर्यंत पोचवायला गेली. येताना शिवेपाशी चपला काढायला वाकली, थोडा वेळ तशीच वाकून राहिली, आणि काढल्या नाहीत. घरात चपलांसकट आली. समोर भिंतीत खुंटी होती, आणि तिच्याखाली मातीवर टोपलीच्या घासानं पडलेला, इतक्या वर्षांचा, गोल डाग.